कंदील जळत होता, तरी मीटर ओरडला: विहिरीसाठी घेतलेल्या गॅस मीटरचा दोन हंगामांचा अनुभव

बीड जिल्ह्यातल्या केज-धारूरच्या पट्ट्यात माझी विहिरीची टोळी आहे. गाळ वर ओढायची एक यारी, एक कॉम्प्रेसरचा ट्रॅक्टर आणि नऊ माणसं. संक्रांत झाली की काम सुरू, मिरगाचा पाऊस पडला की बंद. नवी विहीर वर्षाकाठी तीन-चारच. बाकी सगळं काम जुन्या विहिरींचा गाळ काढायचं. आठ-दहा परस (परस म्हणजे पुरुषभर उंची) खोल विहिरी, कुठं कुठं बारा परस. वरचा मुरूम ढासळलेला, खाली काळा गाळ, त्यात सडलेला पाला, मेलेली जनावरं, फुटक्या घागरी, पोरांचे चेंडू. अशा विहिरीत माणूस उतरवायचा तर आधी गॅस बघायला पाहिजे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. बघायचा कशानं, हा प्रश्न. आमच्या बापजाद्यांनी कंदिलानं बघितला. मी मागच्या दोन हंगामांपासून पाच गॅसच्या मीटरनं बघतो. त्या मीटरबद्दल लिहितोय, कारण गेल्या महिन्यात तीन टोळीवाल्यांचे फोन आले, ‘घेऊ का नको’ म्हणून.

कंपनीचं नाव लिहीत नाही. विकणाऱ्याशी माझा अजून हिशोब बाकी आहे, आणि तसंही या किमतीत मिळणारी यंत्रं आतून जवळपास सारखीच असतात. आत काय असतं तेच नीट सांगतो.

आधी माझी मूर्खपणाची खरेदी ऐका. पहिला मीटर घेतला मोबाइलवर बघून, 1,800 रुपयांचा. डबी सुबक, पडद्यावर हिरवा आकडा, खाली ‘सीओटू’. दोरीला बांधून विहिरीत सोडायचो. माझी भाची सुट्टीला आली होती. ती संभाजीनगरला एमएससी करते, फिजिक्स. तिनं तो मीटर हातात घेतला, खिशातून सॅनिटायझर काढून हातावर चोळलं आणि हात मीटरजवळ नेला. आकडा 600 वरून 4,000 च्या वर गेला. म्हणली, “मामा, ह्याच्यात कार्बन डायऑक्साइड मोजायचं काहीच नाही. हे वास घेतंय आणि अंदाजानं आकडा टाकतंय. खऱ्या मीटरला दारूच्या वाफेनं काही फरक पडत नाही.” म्हणजे मी वर्षभर माणसं अंदाजावर उतरवत होतो. हे तुम्हीही करून बघा, दुकानातच करा, दुकानदाराला राग आला तर येऊ द्या.

दुसरा घेतला 6,500 चा. हा खरा होता, आत दिवा आणि सोनेरी नळी असलेला. पण हा घरात, ऑफिसात लावायचा. 5,000 पीपीएमच्या वर त्याला मोजताच येत नाही. पीपीएम म्हणजे दहा लाखांत किती भाग; 5,000 पीपीएम म्हणजे अर्धा टक्का. विहिरीत सोडला की 5,000 वर जाऊन बसायचा. आता खाली अर्धा टक्का आहे का सहा टक्के, हे कोण सांगणार? एकात माणूस दिवसभर काम करतो, दुसऱ्यात डोकं गरगरून दोरी हातातून सुटते.

त्याची आणखी एक खोड होती, ती उशिरा कळली. तो स्वतःला स्वतःच जुळवून घेतो. आठवडाभरात जो सगळ्यात कमी आकडा दिसला, तीच बाहेरची मोकळी हवा असं धरतो आणि त्याला 400 म्हणतो. शहरातल्या ऑफिसात हे ठीक आहे, रात्री सगळे घरी जातात, हवा निवळते. माझ्याकडं तो आमच्या माळवदाच्या खोलीत चार्जिंगला लावून असायचा. खोलीला एक झरोका, त्यात चार माणसं झोपणार, कोपऱ्यात सोयाबीनच्या थप्प्या. तिथं हवा कधी निवळतच नव्हती. तर ह्या बहाद्दरानं आमच्या कोंदट खोलीलाच मोकळी हवा समजून घेतलं आणि सगळे आकडे खाली ओढले. जो मीटर माणसाच्या जिवासाठी वापरायचा आहे, त्यात ही आपोआप जुळवणी बंद करता आली पाहिजे. घेताना पहिला प्रश्न हा विचारा.

तिसरा म्हणजे हा. पंपवाला, पाच गॅसचा, पंप-नळी-चार्जर-पेटी धरून 92 हजारांना पडला. यारीचा दोर नवा टाकायचा होता तो एक हंगाम लांबवला. घरात आठ दिवस कुणी नीट बोललं नाही.

पाच गॅस म्हणजे ऑक्सिजन, कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन सल्फाइड, जळाऊ वायू आणि कार्बन डायऑक्साइड. पहिल्या तिघांना छोट्या रासायनिक बॅटऱ्या आहेत, चौथ्याला तापलेला मणी, आणि पाचव्याला उजेडावर चालणारी नळी. बाजारात चार गॅसचाच मीटर जास्त खपतो. तो निम्म्याहून कमी किमतीत येतो, आणि विकणारा तोच गळ्यात मारायला बघतो. विहिरीवाल्यांनी तो घेऊ नये असं माझं मत आहे, कारण आमच्या विहिरीत जो मारतो तो पाचवाच आहे.

का, ते बघा. गाळातला पाला सडतो, मुळं, माती श्वास घेतात, आणि कार्बन डायऑक्साइड निघत राहतो. तो हवेपेक्षा दीडपट जड. हिवाळ्यात रात्री वरची थंड हवा विहिरीत उतरते आणि खालची ऊबदार हवा वर येते, त्यामुळं विहीर आपोआप धुतली जाते. पण एप्रिल-मेमध्ये उलटं होतं. वर बेचाळीस डिग्री, आत गारवा. गार हवा तळाला पडून राहते, हलत नाही, आणि तिच्यात गॅस साचत जातो. आणि आमचा गाळ काढायचा हंगाम नेमका तोच. वळवाचं आभाळ भरून आलं की हवेचा दाब उतरतो, मग कपारीतली, मातीतली कोंडलेली हवा विहिरीत उतरते. ‘आभाळ आलं की विहिरीत उतरू नये’ असं आमची आजी म्हणायची, ती विजेच्या भीतीनं म्हणायची असं मला वाटायचं.

आता त्या नळीची गोष्ट. हा भाग मला भाचीनं समजावला, आणि खरं सांगतो, सगळ्या यंत्रात मला हाच आवडला. करंगळीच्या पेरापेक्षा थोडी मोठी कोठडी, आतून सोन्याचा मुलामा दिलेली. एका टोकाला बारीक दिवा, सेकंदाला काही वेळा लुकलुकणारा. त्याचा उजेड आपल्याला दिसत नाही, उष्णतेचा उजेड आहे तो. कार्बन डायऑक्साइडला त्या उजेडातला एक ठरावीक भागच खायला आवडतो, 4.26 मायक्रॉन लांबीच्या लहरींचा. दुसऱ्या टोकाला दोन डोळे. एक डोळा फक्त 4.26 चा उजेड बघतो, दुसरा 3.9 च्या आसपासचा, जो हवेतला कुठलाच नेहमीचा गॅस खात नाही. धूळ बसली, दिवा म्हातारा झाला, तर दोन्ही डोळ्यांना सारखंच कमी दिसतं. गॅस आला तर एकालाच कमी दिसतं. दोघांच्या तुलनेतून आकडा निघतो. सोनं मिरवायला नाही, उष्णतेचा उजेड शंभरातला अठ्ठ्याण्णव परत फेकणारा मुलामा म्हणून आहे.

मग आरशाच्या कोठडीची गरज काय? सरळ नळी का नाही? भाचीनं विचारलं, “मामा, खळ्यावर बैल किती चालायचे?” आमच्या लहानपणी मळणीला बैल मेढीभोवती फिरायचे. खळं वीस पावलांचं, पण दिवसभरात बैल कोस-दोन कोस चालायचा, आणि दर फेरीला थोडा थोडा दाणा मोकळा व्हायचा. उजेडाचं तसंच आहे. हातभर जागेत त्याला आरशांवर आपटवत फिरवला की तो लांबचा रस्ता चालतो, आणि गॅस जेवढा विरळ तेवढा लांब रस्ता लागतो.

हे काम लोकांनी फार पूर्वी केलंय. 1942 साली जॉन व्हाइट यांनी तीन अंतर्गोल आरशांची कोठडी केली, उजेड त्यांच्यातच येरझाऱ्या घालतो. पुढं साठच्या दशकात अमेरिकेतल्या बेल लॅब्स या प्रयोगशाळेतल्या डोनाल्ड हेरियट यांनी दोनच अंतर्गोल आरसे समोरासमोर ठेवले. एका आरशाला कडेला भोक, त्यातून लेसर तिरका आत सोडायचा. तो दोन्ही आरशांवर ठिपक्याठिपक्यानं बांगडीसारखी गोल रांगोळी काढत जातो आणि ठरलेल्या फेऱ्या झाल्या की त्याच भोकातून बाहेर येतो. भाचीनं मोबाइलवर त्या ठिपक्यांचा फोटो दाखवला. दारापुढं काढायला लावली असती तर बायकांनी नाकं मुरडली नसती, एवढी सारखी.

मी विचारलं, मग फेऱ्या हजार का नाही करत? तर आरसापण खातो. शंभरातले दोन भाग दर आपटीला गेले, की चाळीस आपट्यांनंतर पंचेचाळीस उरतात, शंभर आपट्यांनंतर तेरा. त्याहून पुढं जायचं तर सोनं चालत नाही, 99.99 टक्के उजेड परत करणारे खास थर दिलेले आरसे लागतात. अर्ध्या मीटरच्या नळीत तसे आरसे लावले तर उजेडाचा रस्ता पाच किलोमीटरचा होतो. केजहून कुठलं तरी जवळचं गाव यावं, एवढा. तिथं मग उजेड किती उरला ते मोजत नाहीत, तो आत विझायला किती वेळ लागतो ते मोजतात. रिकाम्या नळीत 17 मायक्रोसेकंद, गॅस असला तर त्याहून कमी. हवेत दहा लाखांत दोन भागांच्या आसपास असलेला मिथेनसुद्धा असल्या यंत्रात स्वच्छ दिसतो.

मला ते नको आहे. हे समजायला मला वेळ लागला, म्हणून जास्त लिहितो. लांब रस्ता म्हणजे चांगला मीटर, असं नाही. पंगतीत भाकरीचं टोपलं फिरतंय समजा, आणि दर माणूस टोपल्यात जेवढं आहे त्याचा दहावा हिस्सा उचलतो. शंभरातून दहा गेल्या, नव्वद राहिल्या. दुसऱ्यानं नऊ घेतल्या, एक्याऐंशी राहिल्या. तिसऱ्याला आठ. पंगत लांबत गेली की शेवटच्याला टोपल्यात चुराच दिसतो, आणि मग पंगतीत दोनशे माणसं होती का तीनशे, हे चुऱ्याकडं बघून सांगता येत नाही. गॅस उजेड असाच खातो. म्हणून विरळ गॅसला लांब नळी, दाट गॅसला आखूड. घरगुती मीटर 5,000 वर अडकतो तो याच धर्तीच्या तडजोडीमुळं. तो विरळ हवेसाठी बांधलेला आणि तेवढ्यापुरताच जुळवलेला असतो. माझा विहिरीचा मीटर 5 टक्क्यांपर्यंत मोजतो, पण त्याची पायरी 0.01 टक्क्याची. मोकळ्या हवेत तो 0.04 दाखवतो, बस. शेतकरी विचारतात, “एवढ्या महागाचं यंत्र आणि शून्य दाखवायलंय?” मी म्हणतो, दादा, शून्य दिसतंय तोवर आपलं नशीब.

आता कंदिलाचं. मागच्या वर्षी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात धारूरच्या खालच्या अंगाला एक जुनी विहीर होती, दहा परस, चिरेबंदी, सहा वर्षं कुणी उपसली नव्हती. टोळीत तात्या सगळ्यात वडील, चाळीस वर्षं विहिरीत गेलेली. त्यांनी नेहमीप्रमाणं कंदील सोडला. तळापर्यंत गेला, ज्योत थोडी पिवळी, पण जळत होती. तात्या म्हणले, “मुकादम, चला, खुली हाय.” मी नळी सोडली. ऑक्सिजन 19.8. त्याचा भोंगा 19.5 ला वाजतो, म्हणजे गप्प. मोनॉक्साइड शून्य, सल्फाइड शून्य, जळाऊ शून्य. चार गॅसचा मीटर असता तर त्यानंही तात्यांच्या हो ला हो केलं असतं. कार्बन डायऑक्साइड 3.6, आणि भोंगा सुरू.

तात्या चिडले. कंदील जळतोय आणि हे डबडं ओरडतंय! त्यांना समजावणं सोपं नव्हतं, कारण त्यांचं म्हणणं वरवर बरोबर वाटतं. पण ज्योत ऑक्सिजनवर जगते. ऑक्सिजन सोळा टक्क्यांच्या आसपास उतरला की ती विझते. कार्बन डायऑक्साइड चार टक्के झाला तर तो हवेला फक्त थोडं बाजूला सारतो, ऑक्सिजन 20.9 वरून जेमतेम 20 वर येतो. ज्योतीला काही कळत नाही. माणसाला मात्र कळतं. तीन-चार टक्क्याला धाप लागते, डोकं ठणकतं. दहाच्या घरात मिनिटांत शुद्ध जाते. कारखान्यांच्या नियमात 3 टक्के हे पंधरा मिनिटांच्या वर सोसू नये असं प्रमाण आहे, आणि 4 टक्के म्हणजे ताबडतोब जिवाला धोका. आमची माणसं खाली दोन-दोन तास घमेली भरतात. शिवाय फावड्यानं गाळ हलवला की त्यातून आणखी गॅस सुटतो, तो वेगळाच.

तात्यांनी मग कडुलिंबाचा डहाळा मागवला. ही जुनी रीत आहे, दोरीला डहाळा बांधून वर-खाली करायचा, हवा ढवळायची. अर्धा तास दोन पोरांनी ढवळलं, मीटर 3.6 वरून 3.1 वर आला. मग मी उफणणीचा पंखा ट्रॅक्टरला जोडून, ताडपत्रीची नळी शिवून घेतलेली, ती तळापर्यंत सोडली. वीस-पंचवीस मिनिटांत 0.2. तात्या काही बोलले नाहीत, तंबाखू मळत बसले. नंतर जेवताना म्हणले, “पंख्याची नळी अजून दोन हात लांब कर.” एवढंच. पण दुसऱ्या दिवसापासून कंदील आणि मीटर दोन्ही सोबत जातात. मी ते बंद करायला सांगितलेलं नाही.

आमच्या शेजारच्या टोळीत, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं त्या 2016 च्या उन्हाळ्यात, एक जण उतरला आणि खाली बसला तो बसलाच. त्याला काढायला दुसरा उतरला. त्यांनीपण कंदील सोडला होता असं सांगतात. त्याच्यावर मी जास्त लिहीत नाही.

वापरण्यातल्या बारीक गोष्टी सांगतो, कारण पेटीतल्या पुस्तकात त्या नाहीत, किंवा असल्या तरी बारीक अक्षरात आहेत.

नळी. सोबत तीन मीटरची येते, ती काय कामाची? वीस मीटरची वेगळी घ्यावी लागली. नळीचं आतलं भोक 4 मिलिमीटर धरलं तर वीस मीटरमध्ये पाव लिटर हवा मावते. पंप मिनिटाला अर्धा लिटर ओढतो. म्हणजे तळाची हवा मीटरपर्यंत पोचायलाच अर्धा मिनिट. त्यापुढं मीटरचा आकडा स्थिर व्हायला तेवढाच वेळ. पहिल्या दिवशी मी दहा सेकंद बघून “खुली” म्हणणार होतो, आणि दिसत होती ती वरच्याच हवेची गोष्ट. आता दर खोलीला दोन मिनिटं, वर, मधे, तळाला. घड्याळ लावून. ग्राहकाला घाई असते, असू द्या.

पाणी. नळीचं टोक पाण्यात बुडालं तर पंप पाणी ओढतो आणि ती सोन्याची कोठडी कायमची जाते. तोंडाला पांढरी गाळणी आहे, पाणी अडवणारी, तिनं एकदा वाचवलं. तेव्हापासून नळीच्या टोकाला रिकामी प्लॅस्टिकची बाटली बांधतो, टोक तिच्यापेक्षा वीतभर वर. बाटली तरंगते, टोक कोरडं राहतं. गाळण्यांचं पाकीट महाग पडतं, पण जादा ठेवाच.

दव. हे जानेवारीत कळलं. सकाळी सात वाजता मीटर थंडगार, आणि विहिरीतली हवा ऊबदार, ओलसर. ती हवा थंड कोठडीत आली की चष्म्यावर वाफ धरते तसं आतल्या सोन्यावर दव धरतं, उजेड सैरावैरा होतो आणि पडद्यावर दोष दाखवणारी खूण येते. मी यंत्र बिघडलं म्हणून घाबरलो. आता थंडीत मीटर आधी पंधरा मिनिटं सदऱ्याच्या आत, पोटाशी धरून बसतो. उन्हाळ्यात हा त्रास नाही, तेव्हा मीटरच तापलेला असतो. मग उलट सावलीत ठेवावा लागतो.

शून्य लावणं. सकाळी मोकळ्या हवेत मीटरला ‘ही चांगली हवा’ असं सांगावं लागतं. एकदा मी ते चालू जीपच्या मागं उभं राहून केलं, वर सगळी टोळी मीटरभोवती डोकी घालून. माणसाच्या उच्छ्वासात जवळपास चार टक्के कार्बन डायऑक्साइड असतो. नऊ जणांचा श्वास ‘चांगली हवा’ म्हणून मीटरला शिकवला. त्या दिवशी दिवसभर तो कमीच दाखवत होता, संशय आला म्हणून काम थांबवलं. या उच्छ्वासाचा एक फायदा आहे: काम सुरू करायच्या आधी नळीच्या तोंडावर एक फुंकर मारा, थोड्या वेळानं भोंगा वाजला पाहिजे. वाजला नाही तर त्या दिवशी माणूस उतरवू नका. आणि कुणी पडद्यात वाकून बघितलं तरी तो वाजतो, नव्या पोरांना त्याची फार गंमत.

उंचीचं एक भाचीनं काढलं होतं. नळी टक्के मोजत नाही, कण मोजते. हवा विरळ तर कण कमी, आकडा कमी. आमचा बालाघाट समुद्रापासून पाचशे-सहाशे मीटर वर, म्हणजे दाब सहा-सात टक्क्यांनी कमी. मुंबईला जुळवलेला मीटर इथं तेवढा कमी दाखवेल. माझा पुण्याला जुळवला होता, पुणंही जवळपास तेवढंच उंच. नशिबानं बरं झालं, अक्कल काही नव्हती.

आता तक्रार. सहा महिन्यांनी जुळवणीला पाठवायचा, असा करार. पाठवला. आठ दिवस सांगितलं, तेवीस दिवस लागले, ऐन मार्चमध्ये. कुरिअर माझ्या खर्चानं. परत आला तो कागदासकट, शिक्का, सही, सगळं झोकात. मी पेटीत टाकला. दिवाळीला भाची आली, तिनं कागद वाचला आणि हसायला लागली. जुळवणीला वापरलेल्या सिलिंडरमध्ये चार गॅस होते: मोनॉक्साइड, सल्फाइड, मिथेन, ऑक्सिजन. कार्बन डायऑक्साइड त्यात नव्हताच! ज्या एका डोळ्यासाठी मी पैसे मोजले, तोच त्यांनी तपासला नव्हता. फोन केला तर पलीकडचा म्हणतो, “साहेब, तो सेन्सर मेंटेनन्स-फ्री आहे, पाच वर्षं बघायची गरज नाही.” अहो, दिवा टिकतो पाच वर्षं, म्हणून आकडा बरोबर असतो का? घड्याळ चालू आहे म्हणजे वेळ बरोबर, असं आहे का? शेवटी अडीच टक्के कार्बन डायऑक्साइडचा छोटा सिलिंडर वेगळा मागवला. मीटरनं 2.4 दाखवलं, म्हणजे बिचारा बरोबरच होता. पण ते मला माहीत असायला पाहिजे होतं, त्यांच्या कागदावर. तुम्ही घ्याल तर कागदावर पाचही गॅसचे आकडे आहेत का ते बघूनच पैसे द्या. माझे सेवेचे थोडे पैसे अजून मी अडवून धरलेत, ते यासाठीच.

बाकीच्या चार डोळ्यांबद्दल थोडक्यात. ऑक्सिजनची बॅटरी दोन वर्षांत संपते, वापरा नाहीतर पेटीत ठेवा, संपतेच. ती बदलायचा खर्च आधीच धरा. मोनॉक्साइडचा डोळा सुरुंगानंतर कामाला येतो. टोटे उडवले की धूर दिसेनासा झाला तरी मोनॉक्साइड कपारीत राहतो, आणि उजेडाची नळी तो बघत नाही, तिला फक्त तिचा एकच गॅस ओळखता येतो. विहिरीच्या आत डिझेलचं इंजन उतरवून पाणी उपसणारे अजून आहेत, त्यांनी तर हा आकडा एकदा बघाच. जळाऊ वायूचा मणी मला फसवा वाटतो. तो गॅस जाळून मोजतो, म्हणजे त्यालाच ऑक्सिजन लागतो. ऑक्सिजन फार उतरलेल्या तळाला तो कमी किंवा शून्यही दाखवेल आणि तो आकडा खरा नसेल. मिथेनपण उजेडावर मोजणारे मीटर येतात, त्यांना ऑक्सिजन लागत नाही. पुढचा मीटर घेतला तर तसला घेईन. गोबरगॅसवाल्यांनी आत्ताच तसला बघावा.

घ्यावा का? दहा-पंधरा विहिरी काढणाऱ्या टोळीनं घ्यावा. एकट्याला जड पडत असेल तर तीन टोळ्यांत मिळून घ्या, पण मग तो कुणाच्या घरी राहणार आणि जुळवणीला कोण पाठवणार, हे आधी ठरवा, नाहीतर भांडणं होतील. आमच्याकडं झाली असती. आता मी दर विहिरीला मीटर आणि पंख्याचे मिळून 500 रुपये वेगळे लावतो. पहिल्या हंगामात लोक कुरकुरले, “आमचा आजा तसाच उतरत होता.” यंदा दोघांनी फोनवरच विचारलं, “यंत्र आणणार का?” आणायचं नसेल तर दुसरी टोळी बघतो म्हणाले.

बॅटरी एका चार्जिंगवर कामाचा दिवस काढते, पंप सारखा चालू ठेवला तर जेमतेम. उन्हात पडदा दिसत नाही, हाताची सावली करावी लागते. पेटीची एक कडी दुसऱ्याच महिन्यात तुटली. मराठीत एक ओळ नाही, ना पडद्यावर, ना पुस्तकात. भोंगा मात्र कॉम्प्रेसर चालू असतानाही ऐकू येतो.

तो 6,500 चा घरगुती मीटर टाकून दिला नाही. आपोआप जुळवणी बंद करायची कळ त्याला होती, भाचीनं शोधून काढली, आणि अंगणात अर्धा तास ठेवून नव्यानं जुळवला. आता तो थोरल्या मुलीच्या शिकवणीच्या खोलीत आहे. सव्वीस पोरं, एक दार, एक खिडकी, ती पण धुळीच्या नावाखाली बंद. संध्याकाळी सातला आकडा 2,800 ला जातो आणि पोरं जांभया द्यायला लागतात. मग मागच्या बाकावरचं कुणीतरी ओरडतं, “ताई, मीटर चढला,” आणि खिडकी उघडते.